गार वाऱ्यातील आखाडा

सोलापूर-हैदराबाद हमरस्त्याने पूर्वेस जाऊ लागले की उमरगा मागे पडते, आणि थोड्याच वेळात दुकानांच्या मराठी पाट्यांची जागा कानडी पाट्या घेतात. जमीन मात्र तीच काळी-तांबडी, पिके तीच तूर-ज्वारीची, आणि बाभळीखाली विसावलेली जनावरेही तीच. सस्तापूर बंगल्याच्या फाट्यावर उतरून आत वळले म्हणजे बसवकल्याण दूर नाही. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा हा मुलूख जुन्या हैदराबाद संस्थानाच्या वाटणीतून म्हैसूर राज्याकडे गेला. रेघ कागदावर पडली. बाजारात अजूनही एकाच सौद्यात मराठी, कानडी व उर्दू या तिन्ही भाषा सुखाने नांदताना आम्ही ऐकल्या.

येथे येणारा प्रवासी प्रथम किल्ला पाहतो, बसवेश्वरांच्या स्मृतीची स्थळे पाहतो, आणि ते योग्यच आहे. आम्हांस मात्र या नगरीची आणखी एक ओळख वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. चालुक्यांची ही राजधानी. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिसरा सोमेश्वर येथे राज्य करीत होता, आणि त्याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकीची जी प्रकरणे आहेत, त्यांत एक मल्लविनोदाचे आहे. मल्लांची वय, बांधा व बळ यांवरून प्रतवारी कशी करावी, त्यांनी व्यायाम कोणता करावा, हे त्यात सांगितले आहे. मल्लांना डाळी, मांस, दूध, साखर आणि उत्तम मिठाई राजाने पुरवावी, असेही त्यात आहे. म्हणजे त्या काळच्या पैलवानाला आभाळाकडे पाहण्याचे कारण नव्हते. पाऊस पडो वा गारा पडोत, प्रेक्षक शंभर असोत वा दहा, त्याचे दूध राजवाड्यातून येणारच!

आजच्या पैलवानाचे तसे नाही. हे आम्हांस तालुक्यातील एका खेड्याच्या जत्रेत नीट उमगले.

फाल्गुन सरत आला होता. एरव्ही या दिवसांत येथे ऊन असे तापते की कुस्त्या दुपारी चारच्या आत लावण्याची सोय नसते. परंतु त्या वर्षी दोन दिवस आभाळ भरून आले होते आणि अंगाला झोंबणारा गार वारा सुटला होता. पश्चिमेकडून येणारे थंड हवेचे झोत व बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा यांची दख्खनच्या पठारावर गाठ पडली म्हणजे अशी अवकाळी थंडी, पाऊस आणि प्रसंगी गारा येतात. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट मराठवाड्यातील आणि या सीमाभागातील शेतकरी अद्याप विसरलेला नाही.

आखाडा सुरेख केला होता. माती चाळून, तेल, ताक व हळद घालून ती मऊ केलेली. हलगी कडाडत होती. शिरस्त्याप्रमाणे आरंभी नारळ-खोबऱ्यावर लहान पोरांच्या कुस्त्या झाल्या. मग शंभराच्या, पाचशेच्या. आणि शेवटची कुस्ती चांदीच्या कड्याची. सारे यथासांग होते, केवळ माणसे नव्हती. जेथे चार-पाच माणसांची दाट कडी बसावी, तेथे एकेरी कडे, तेही मधून मधून तुटलेले. घोंगडी पांघरून बसलेल्या एका वृद्धांना आम्ही विचारले, “मामा, थंडीनं माणसं आली नाहीत वाटतं?”

ते म्हणाले, “थंडीला कोण भितंय, साहेब? जवारी खळ्यावर उघडी पडलीय. वर आभाळ असं. आता माणसानं कुस्ती बघावी का ताडपत्री धरावी?”

आमचा प्रश्न शहरी होता, हे लगेच ध्यानात आले. अंगाला गारठा सोसतो. वर्षाचे धान्य भिजणे सोसत नाही. आणि ज्याची रास घरात पोचली होती, तो मात्र मुलाबाळांसह तेथे आला होता.

आता या ओस जागेचा भार कोणावर पडतो ते पाहा. जत्रेचा फड वर्गणीवर चालतो, पण इनामाची खरी वाढ जागेवर होते. कुस्ती रंगली की कोणी उठून पन्नास जाहीर करतो, दुसरा इरेस पडून शंभर. विजयी पैलवान फेटा हाती घेऊन कडेकडेने फिरतो आणि त्यात नोटा पडतात. कडे विरळ असले की फेटा हलका राहतो. परगावाहून आलेल्या पोराचे गाडीभाडे व आठवड्याचा खुराक त्यातूनच निघायचा असतो. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघालेल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांसाठीही लोकांनी वर्गणी जमविली होती. तेथून त्यांनी कांस्यपदक आणले.

दूर अमेरिकेतही असेच एक कोडे आहे. तेथे बेसबॉलच्या मोठ्या संघांच्या हाताखाली लहान शहरांचे १२० संघ असून त्यांचे सामने वसंतात सुरू होतात. उत्तरेकडे एप्रिलमध्ये थंडी हटलेली नसते, मुलांच्या शाळाही चालू असतात. बाके रिकामी राहतात. तेथे खेळाडूंचा पगार मोठा संघ देतो (सोमेश्वराची आठवण व्हावी!), पण मैदानाचा खर्च तिकिटांवर आणि खाद्यपदार्थांच्या विक्रीवर भागवायचा असतो. पावसाने सामना बुडाला तर त्याच तिकिटावर पुढचा सामना पाहू देण्याची तेथील चाल १८८० च्या दशकापासूनची आहे. आमच्या आखाड्यास तिकीटच नाही. त्यामुळे बुडालेली जत्रा पुढल्या वर्षावरच जाते.

गावच्या पंचांनी त्या दिवशी जे केले ते आम्हांस फार आवडले. फेटा हलका पडताना पाहून त्यांनी पुढच्या जोड्या लवकर लावल्या, आणि कड्याच्या कुस्तीआधी दोन पोरे खळ्यांकडे धाडली. थोड्या वेळाने ताडपत्र्या बांधून झालेले पंधरा-वीस गडी, हातापायांस भुसा तसाच, धावत आले आणि तुटलेल्या कडीत बसले. हलगीवाल्याने हात बदलला. कुस्ती पाऊण तास चालली. ती निकाली होणार की बरोबरीत सुटणार यावर आमच्या शेजारी दोन काकांत मराठी-कानडीत वाद चालला असता पावसाचे पहिले थेंब मातीवर पडले. कोणी उठले नाही. त्याच क्षणी उमरग्याकडच्या पोराने ढाक लावली आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला टेकविली. फेटा फिरला तेव्हा त्यात भिजलेल्या नोटा होत्या, आणि एका आजीने पदराच्या गाठीतून सोडून टाकलेले दहा रुपयांचे नाणे.