याचे पैसे पडतात का?

आमचे आप्पा हॉटेलात गेले की पदार्थांचे कार्ड उजवीकडून डावीकडे वाचतात. म्हणजे आधी दर आणि मग पदार्थाचे नाव. दर मनाला पटला तरच नजर डावीकडे सरकते. नाहीतर मुकाट्याने खालच्या ओळीवर जाते. तालुक्याच्या गावी जन्मभर कारकुनी करून मुलांना शिकवणाऱ्या माणसाची ही सवय. आम्हां भावंडांना तिची घरात गंमत वाटे आणि चारचौघांत लाज. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत या सवयीची आणि माझ्या लाजेची एकदमच परीक्षा झाली, आणि तीही भर समुद्रात!

आप्पांचे बालपण देवगडकडचे. त्या काळी मुंबईला जायचे तर आगबोटीने. बोट खोल पाण्यात उभी राही. किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचे, डेकवर वळकटी पसरायची आणि घरून आणलेली शिदोरी सोडायची. ती बोटवाहतूक बंद पडून आता कितीतरी वर्षे झाली. पण आप्पांच्या बोलण्यातली बोट काही बंद पडली नाही. म्हणून ताईने नोकरीतली शिल्लक मोडून मुंबई-गोवा-मुंबई अशा तीन रात्रींच्या समुद्रसफरीची तीन तिकिटे काढली. दोन आई-आप्पांची आणि एक माझे. माझ्याकडे काम एकच : दोघांना सांभाळायचे. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे पैशाचा हिशेबही मीच ठेवावा, असे ठरले.

पहिला धक्का बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरच बसला. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. घरी शिजवलेले अन्न बोटीवर नेता येत नाही, कारखान्यातून सीलबंद आलेली पाकिटे चालतात, असे तपासणीच्या रांगेत कळले. बहुतेक प्रवासी बोटींवर हाच नियम असतो. दशम्या फेकणे आईला शक्यच नव्हते. तेव्हा आम्ही तिघांनी रांगेबाहेर बाकावर बसून त्या संपवल्या. ही साधी गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली, म्हणून सांगितली.

बोटीवर पाऊल ठेवताच प्रत्येकाला एकेक कार्ड मिळाले. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पैशाचे पाकीट. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. काही घेतले की कार्ड दाखवायचे, सही करायची. रक्कम खोलीच्या खात्यावर चढते आणि शेवटी एकदम वसूल होते. त्यासाठी सुरुवातीलाच अनामत भरून घेतात किंवा बँकेच्या कार्डाची नोंद घेतात. आप्पांनी ते कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, “म्हणजे आपल्याला न कळत पैसे जाणार!” मी हसलो. मला ते जुन्या पिढीचे बोलणे वाटले.

संध्याकाळी बोट सुटली आणि तासाभरात आईला बोट लागली. मी तिच्याजवळ खोलीत थांबलो आणि आप्पांना एकटेच जेवायला पाठवले. ते अर्ध्या तासाने परतले. जेवलात का, असे विचारले तर म्हणाले, “दशम्यांनी पोट भरलंय रे. वर वारा छान आहे, जरा उभा राहतो.” मध्यरात्रीपर्यंत ते डेकवर उभे होते. मला वाटले, जुने दिवस आठवत असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या दालनात गेलो. इडलीपासून पावापर्यंत सारे मांडलेले, लोक ताटे भरभरून नेत होते. आप्पा मात्र चहाचा कप घेऊन कोपऱ्यात. आईने डोळे वटारले तेव्हा हळूच म्हणाले, “कालपासून बघतोय, दर कुठेच लिहिलेला नाही. एवढ्या मोठ्या बोटीवर ताटाला काय लावत असतील देव जाणे. पोरीचे आधीच एवढे पैसे गेलेत.”

माणूस रात्रभर उपाशी होता! ताटे भरलेली, पैसे आधीच चुकते झालेले, आणि केवळ दराची पाटी नाही म्हणून आमचे आप्पा पाण्याचा पेला पिऊन वर वारा खात उभे राहिले होते. ‘जेवण तिकिटातच आहे’ हे तीन शब्द त्यांना सांगायचे मला सुचले नव्हते, आणि त्यांनी विचारले नाही, कारण गावाहून निघताना मीच त्यांना बजावले होते, “आप्पा, तिथे प्रत्येक गोष्टीचा दर विचारत बसू नका हं.”

त्या दिवशी बोट मुरगाव बंदराला लागली. गोवा दाखवण्यासाठी बोटीवरच सहली विकत मिळत होत्या. आप्पांनी दर विचारला (मी दुसरीकडे बघत होतो), मान हलवली आणि आम्ही वास्कोहून कदंबच्या बसने पणजी गाठली. यात पैसे पुष्कळ वाचतात. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बोटीच्या सहलीला उशीर झाला तर साधारणपणे बोट थांबते. स्वतःच्या हिंमतीवर गेलेल्या माणसासाठी ती थांबत नाही. आप्पांनी परत चढायची वेळ तळहातावर पेनने लिहून घेतली होती. आम्ही दोन तास आधीच हजर! आईने तर दुपारच्या जेवणासाठीही बोटीवरच परतायचा आग्रह धरला. “तिकिटात आहे ना? मग बाहेर कशाला?” तिचे गणित आमच्या सरांनीही मान्य करावे असे होते.

रात्री मुख्य भोजनगृहात आमच्या टेबलाला वाढायला काणकोणचा एक तरुण होता. गोव्याचे लोक पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर कामाला आहेत, हे ऐकून होतो. आता प्रत्यक्ष भेटला. कोंकणी मिसळलेल्या मराठीत त्याने आप्पांना सारे समजावून सांगितले. “काका, या मोठ्या दालनातलं आणि वरच्या मांडलेल्या दालनातलं जेवण तिकिटात. पाणी, साधा चहा, साधी कॉफी तिकिटात. कार्डावर दर छापलेला दिसला की समजायचं, वेगळे पैसे. खास भोजनगृहं, बाटलीतली पेयं, दारू, यंत्रावरची फेसाची कॉफी, सगळं वेगळं. आणि इथं एखादा पदार्थ आवडला तर पुन्हा मागा, दोन मागा. कोणी काही म्हणणार नाही. जैन जेवण किंवा पथ्याचं हवं असलं तर तिकीट काढतानाच कळवायचं; आयत्या वेळी स्वयंपाकघराची धांदल होते.”

आप्पांचा चेहरा उजळला. मग त्यांनी सफरभर तो एकच प्रश्न विचारण्याचा सपाटा लावला. “याचे पैसे पडतात का?” खोलीतल्या पाण्याच्या बाटलीला विचारले. (पडत होते, फुकटचे पाणी दालनातल्या नळाला होते.) पोहण्याच्या तलावाच्या टॉवेलला विचारले. (पडत नव्हते, मात्र परत न केल्यास पडत.) हसतमुखाने फोटो काढणाऱ्या पोऱ्याला विचारले. (काढायचे नाहीत, घ्यायचे पडतात.) नाटकाच्या दाराशी विचारले. (नाही.) प्रत्येक वेळी मी दोन पावले मागे सरकत होतो. एकदा तर कॉफीच्या काउंटरवर, आपल्या महाविद्यालयातल्यासारख्याच दिसणाऱ्या काही मुलामुलींसमोर, त्यांनी प्रश्न विचारायच्या आत मीच ऐटीत कार्ड पुढे केले. आप्पांनी माझ्याकडे पाहिले. बोलले काही नाहीत.

शेवटच्या संध्याकाळी खाते पाहायला आम्ही चौकशीच्या खिडकीशी गेलो. बाईंनी कागद काढून दिला. आई : शून्य. आप्पा : शून्य. अस्मादिक : इंटरनेट १,५०० रुपये, कॉफीचे ३ पेले ७५०, सरबताचे २ पेले ९००, एक फोटो ७००, त्यावर कर ६९३, एकूण ४,५४३ रुपये. सरबत तर मला तिकिटातलेच वाटले होते. तबक घेऊन फिरणाऱ्या माणसाने ते हसून पुढे केले होते आणि मी, दर विचारायची लाज वाटून, हसून घेतले होते. महिन्याच्या खाणावळीच्या पैशांहून अधिक रक्कम केवळ न विचारल्यामुळे गेली होती. मान खाली घालून मी उभा. आप्पांनी खिशातून चष्मा काढला, कागद वाचला आणि एवढेच म्हणाले, “बरं झालं आज बघितलं. उद्या सकाळी उतरण्याच्या गर्दीत चूक सापडली असती तरी सांगायला वेळ नसता.” हा सल्ला मी सर्वांना आवर्जून देतो : खाते रोज पाहावे, निदान शेवटच्या संध्याकाळी तरी.

परत आल्यावर या प्रकाराविषयी मिळेल ते वाचले. मोठ्या परदेशी बोट-कंपन्यांच्या उत्पन्नात तिकिटांखेरीज बोटीवरच्या खर्चाचा वाटा साधारण तीस टक्क्यांच्या आसपास असतो. दारूचे पेले, जुगाराची टेबले, सहली, इंटरनेट यांतून तो येतो. तिकीट स्वस्त का दिसते, याचे उत्तर त्यात आहे. वर्गात आपण द्विभागी किंमत शिकतो. वॉल्टर ओय यांनी १९७१ साली डिस्नेलँडचे उदाहरण घेऊन ती मांडली. आत शिरण्याची एक किंमत, आतल्या प्रत्येक पाळण्याची दुसरी. परीक्षेत मी त्यावर पान भरून लिहिले होते. बोटीवर मात्र पाळण्यात बसल्यावरही ओळखले नाही.

परदेशी बोटीवर जाणाऱ्यांसाठी आणखी चार गोष्टी सांगतो. अनेक अमेरिकी बोटींवर सेवकांची बक्षिसी माणशी, दररोज, आपोआप खात्यावर चढते. साध्या खोलीला ती १५ ते २० डॉलरच्या घरात असते. चौघांच्या कुटुंबाने आठवड्याचा हिशेब करून पाहावा, म्हणजे तिकिटाचा खरा आकडा कळेल. पेयाच्या किमतीवर सुमारे १८ ते २० टक्के सेवाशुल्क वेगळे असते. ‘हवी तेवढी पेये’ अशी एकरकमी योजना पुष्कळदा एकाच खोलीतल्या सर्व प्रौढांना घ्यावी लागते, तेव्हा एक पिणारा आणि एक न पिणारा अशी जोडी असेल तर ती क्वचितच परवडते. बोटीवरचा डॉक्टर फुकट नसतो. विमा उतरवूनच जावे. आणि बोट सुटताच टेलिफोन विमानातल्यासारखा बंद अवस्थेत ठेवावा. समुद्रावरच्या जाळ्याला तो आपण होऊन जोडला गेला तर घरी आलेले बिल बोट लागल्यापेक्षा वाईट.

पण हे सारे तपशील बोटीबोटीगणिक बदलतात. न बदलणारी गोष्ट एकच, ती आप्पांचा प्रश्न. लाज बाळगून माणूस दोन प्रकारे फसतो, हे मी त्या बोटीवर पाहिले : एक तर फुकटच्या ताटापुढे उपाशी राहतो, किंवा विकतचा पेला फुकटचा समजून पितो. पहिल्या रात्री आप्पांचे जे झाले ते माझ्या सांगण्यामुळे झाले; पुढे माझे जे झाले तेही माझ्यामुळेच. ज्या क्षणी आप्पांनी माझे बजावणे झुगारून तोंड उघडले, त्या क्षणापासून ते त्या बोटीवरचे सर्वांत सुखी प्रवासी होते.

गोवा सोडल्यानंतरच्या त्या दुसऱ्या रात्रीची एक गोष्ट सांगायची राहिली. काणकोणच्या त्या मुलाकडून आप्पांनी खिरीची वाटी दुसऱ्यांदा मागून घेतली, चवीने संपवली आणि मग आम्ही डेकवर गेलो. अकराच्या सुमारास उजव्या अंगाला, अंधारात फार लांब, एक दिवा उघडझाप करताना दिसला. “देवगडचा असावा,” आप्पा म्हणाले. मी खिशातला टेलिफोन काढून नकाशा पाहणार होतो, पण राहू दिले. बराच वेळ आम्ही कठड्याला रेलून उभे होतो. आदल्या रात्री याच ठिकाणी ते रिकाम्या पोटी उभे होते, हे मनातून जाईना.

थोड्या वेळाने आप्पांनी माझ्याकडे वळून, अगदी गंभीर चेहऱ्याने विचारले,

“आणि काय रे, याचे पैसे पडतात का?”