भरवशाची म्हैस

मला मोटार चालवता येत नाही. इचलकरंजीच्या शाळेत गणित शिकवण्यात हयात गेली आणि ती सारी सायकलवर गेली. मोटारीशी माझा संबंध, मागच्या आसनावर बसून घाट केव्हा संपतो याची वाट पाहण्यापुरताच. अशा माणसाला मोटारींच्या तंट्यात कोणी पंच नेमील, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. पण अमेरिकेत आमच्या घरी तसे घडले खरे. कारण सरळ होते. त्या घरात मोटार न चालवणारा मी एकटाच. म्हणजे निःपक्षपातीही मी एकटाच!

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता लेकीकडे मिशिगनला गेलो होतो. लेक-जावई राहतात नोव्हाय गावी. माझा धाकटा भाऊ, ज्याला आमच्या घरी लहानथोर सारेच ‘काका’ म्हणतात, तो तेथून अर्ध्या तासावर डिअरबॉर्नला. काका १९७१ साली तिकडे गेला तो मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात इंजिनियर म्हणून. पंचावन्न वर्षे होत आली, पण त्याच्या दारात अमेरिकन सोडून दुसरी मोटार उभी राहिलेली नाही. उलट आमचे जावईबुवा पक्के जपानवादी. दर रविवारी काका पोहे खायला यायचा, आणि पोह्यांवरचे खोबरे संपायच्या आत दोघांची जुंपायची. माझी लेक म्हणे, “बाबा, तुम्ही लक्ष देऊ नका. हे वीस वर्षं चाललंय.”

त्या वर्षी मात्र लक्ष देणे भाग होते. नात होटनच्या विद्यापीठात निघाली होती. होटन म्हणजे मिशिगनचे अगदी वरचे टोक, सुपीरियर सरोवराजवळ. लेकीच्या घरापासून सुमारे साडेपाचशे मैल. वाटेत मॅकिनॉचा पाच मैलांचा पूल. तिथे हिवाळ्यात दोनशे इंचांच्या आसपास बर्फ पडते! कोल्हापूरच्या पावसाला आपण मोठा समजतो. पण पाऊस निदान वाहून तरी जातो. पोर अठरा वर्षांची. तिला नवी मोटार घेऊन द्यायची नाही, हे तिच्या आईने ठरवून टाकले होते. मग जुन्या दोन होत्या. एक काकाची, २००२ सालची अमेरिकन, एक लाख चाळीस हजार मैल धावलेली. ती नातीला द्यायची, असे काकाने तिच्या लहानपणीच जाहीर केलेले. दुसरी जावईबुवांची चौदा वर्षांची जपानी, एक लाख ऐंशी हजार मैलांची. रात्री, रानात, बर्फात बंद पडणार नाही अशी यांतली कोणती? एवढाच प्रश्न होता. पण त्यात दोन माणसांचे उभे आयुष्य गुंतलेले आहे, हे पंचांना मागाहून कळले.

जावईबुवांचा पुरावा लेखी असे. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ नावाचे तिकडे एक मासिक आहे. १९३६ पासून निघते आणि जाहिरात म्हणून घेत नाही. (आपल्याकडे हे कोणाला खरे वाटणार नाही!) हजारो मोटारवाल्यांना विचारून ते दर वर्षी तक्ता छापते. त्यात पूर्वी लाल टिकली म्हणजे उत्तम आणि काळी म्हणजे वाईट, असा संकेत होता. जावईबुवांनी जुने अंक जपून ठेवले आहेत. ते जपानी मोटारींचे पान उघडत आणि म्हणत, “हे बघा, हळदीकुंकू!” मग अमेरिकन पान उघडत आणि काहीच बोलत नसत.

काका टिकल्यांना भीक घालणारा नव्हे. तो म्हणे, “ह्या तुझ्या हळदीकुंकवाच्या सवाष्णी सत्तर-ऐंशीच्या सालात इथल्या मिठात कशा कुजल्या, ते मी पाहिलंय. दोन हिवाळ्यांत दाराला भोकं!” आणि ते खरेच आहे. डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे. थंडीत बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात, आणि मोटारींचे शहर आपल्याच मोटारींना खारवत बसते. त्या काळच्या जपानी मोटारींचा पत्रा त्या खारवणीला पुरा पडत नसे.

“आणि तुमचा मैल मोजायचा काटा, काका?” जावईबुवा विचारीत. हा टोला मात्र काकाला झोंबे. ऐंशीच्या दशकापर्यंत बहुतेक अमेरिकन मोटारींच्या मैलदर्शकाला पाचच आकडे असत. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवानंतर पुन्हा शून्य! गणिताचा मास्तर म्हणून मला ही गोष्ट फार बोलकी वाटली. लाख मैलांपुढे मोटार जाईल, ही कल्पनाच करणाऱ्याने केली नव्हती. आपण मुलाचे नाव घालताना त्याला शाळेच्या दाखल्यापुरतेच अक्षर द्यावे, त्यातला प्रकार.

पंच झालो म्हणून मी थोडे वाचन केले. तेव्हा गंमत अशी दिसली, की ज्या जपानी मोटारीच्या भरवशाच्या एवढ्या आरत्या, तिचे अमेरिकेतले पहिले पाऊल साफ घसरले होते. १९५७ साली, मॅकिनॉचा पूल खुला झाला त्याच साली, टोयोटाची ‘टोयोपेट’ अमेरिकेत उतरली. जपानच्या खडबडीत, सावकाश रस्त्यांसाठी केलेली ती जड गाडी अमेरिकेच्या भरधाव महामार्गांवर धापा टाकू लागली. १९५८ साली जेमतेम २८७ खपल्या, आणि दोनतीन वर्षांतच तिची विक्री आवरती घ्यावी लागली. त्या वर्षांत बेभरवशाची म्हैस कोणती, असे कोणी विचारले असते, तर उत्तर उलटेच मिळाले असते. गुणवत्ता मोजायची विद्यादेखील जपान्यांना शिकवली ती डेमिंग या अमेरिकन गृहस्थाने. १९५० साली त्याने तिथे व्याख्याने दिली. पुढच्याच वर्षी जपान्यांनी त्याच्या नावाने पारितोषिक सुरू केले. त्याच्या स्वतःच्या देशात मात्र १९८० च्या दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमानंतर त्याला लोक ओळखू लागले. पिकते तिथे विकत नाही, ते असे.

पण मला त्या सगळ्यात माझ्या गावची गोष्ट सापडली, ती मागाची. आमचे वडील मागावर होते. ताण्याचा एक धागा तुटला आणि माग तसाच धावत राहिला, की हातभर कापड वाया. म्हणून ते चार मागांमध्ये पहाऱ्यावरच्या शिपायासारखे फिरत असत. सकिची तोयोदा या जपानी सुताराच्या पोराने असा माग केला, की धागा तुटला की तो आपोआप थांबे. १९२४ साली त्याचा पूर्ण स्वयंचलित माग तयार झाला. १९२९ साली खुद्द विलायतेतल्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क विकत घेतले. त्याच्याच मुलाने पुढे मोटारीचा कारखाना काढला, आणि मागाचा तो नेम मोटारीला लावला: चूक दिसली की थांबायचे, वाईट माल पुढे ढकलायचा नाही. कामगाराच्या डोक्यावर दोरी टांगलेली. काही बिघडलेले दिसले की ती ओढायची आणि वेळ पडली तर सारी रांग उभी करायची. आमच्या वडिलांना ही दोरी कोणी दिली असती, तर त्यांचे पाय म्हातारपणी इतके सुजले नसते.

हे मी पोह्यांच्या वेळी सांगितले, तेव्हा जावईबुवांनी टाळी दिली. काका मात्र शांतपणे म्हणाला, “दादा, तीच दोरी कॅलिफोर्नियात अमेरिकन कामगारांच्या हाती दिली. मग पुढं काय झालं, तेही सांग की.”

ते सांगायलाच हवे होते. फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ साली बंद पडला. गैरहजेरी आणि भांडणे यांसाठी तो कुप्रसिद्ध होता. १९८४ साली टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला, आणि कामावर घेतले ते बहुतेक जुनेच कामगार. त्याच माणसांनी दोरी ओढायला शिकून उत्तम मोटारी केल्या. तिथे एकाच रांगेवरून दोन मोटारी निघत. एकीवर टोयोटाचे नाव, ती ‘कोरोला’. दुसरीवर अमेरिकन नाव, ती ‘प्रिझम’. जवळजवळ जुळ्या बहिणी. पण जुन्या बाजारात प्रिझमला कोरोलाएवढी किंमत येत नसे. माहेर एक, रूप एक; फक्त आडनावाने दर उतरला.

“बघ,” काका म्हणाला, “तुझ्या टिकल्या त्या कपाळावर असतात. हाडं कोण बघतो?”

यावर नात उठली. म्हणाली, “चला, हाडं बघू.” आणि आम्हा तिघांना बाहेर नेऊन तिने दोन्ही मोटारींच्या समोरच्या काचेखालचा सतरा अक्षरी क्रमांक वाचला. पहिले अक्षर मोटार कुठे जुळवली ते सांगते, हे तिला ठाऊक होते. एक म्हणजे अमेरिका, दोन कॅनडा, तीन मेक्सिको, आणि ‘जे’ म्हणजे जपान. वडिलांच्या जपानी मोटारीचा क्रमांक एकाने सुरू होत होता. काकाच्या अमेरिकन मोटारीचा दोनाने! दोघेही बराच वेळ काचेत पाहत राहिले. मग काकाने रुमाल काढून आपली काच पुसली, जणू धुळीने आकडा बदलला असावा.

त्या संध्याकाळी मी काकाकडे मुक्कामाला गेलो. जावयाचे कारण मला माहीत होते. १९९७ च्या हिवाळ्यात, विद्यार्थीदशेत, जुनी अमेरिकन मोटार मध्यरात्री बंद पडून तो दोन मैल बर्फात चालला होता. पायाची दोन बोटे थोडक्यात वाचली. त्या एका रात्रीने त्याची पुढची सगळी खरेदी ठरवली. काकाचे कारण मात्र मी निष्ठा समजत होतो.

“निष्ठा कसली, दादा,” तो अंगणातल्या खुर्चीवर बसून म्हणाला. “१९८२ चं साल आठव.” त्या जूनमध्ये डेट्रॉइटजवळ व्हिन्सेंट चिन नावाच्या चिनी वंशाच्या तरुणाला मोटारींच्या धंद्यातल्या दोघांनी बॅटने मारले. तो चार दिवसांनी गेला. जपानी मोटारींमुळे नोकऱ्या जात होत्या, आणि त्या रागाला चेहरा कोणताही चालत होता. त्या दोघांना तीन वर्षांची परिवीक्षा आणि तीन हजार डॉलर दंड झाला; तुरुंगात एक दिवसही नाही. “तेव्हा मी छोटी जपानी गाडी घ्यायची ठरवली होती. बयाणा दिला होता. तुझी वहिनी म्हणाली, आपल्या तोंडाकडं बघून त्यांना काय कळणार, आपण कोण ते? बयाणा सोडला. अमेरिकन घेतली आणि पुढच्या काचेवर झेंडा चिकटवला.” मग थोडे थांबून म्हणाला, “मागाहून खरंच आवडायला लागली. माझ्या कारखान्यात केलेले भाग असायचे तिच्यात.” तो कारखाना २००९ च्या मंदीत बंद झाला. काकाला निरोप द्यायला कोणी आले नव्हते.

यावर पंचाने काय बोलावे? मी त्याला आत जाऊन दिवा लावू या, एवढेच म्हणालो.

निकाल शेवटी दुसऱ्यानेच दिला. डिअरबॉर्नला मूळचा लेबनॉनचा एक मिस्त्री आहे. त्याने दोन्ही मोटारी वर उचलून खाली उभे राहून पाहिल्या. काकाची वही पाहून तो चकितच झाला. एकवीस वर्षांतले प्रत्येक ऑइल तारीखवार, काकाच्या सुबक मोडी वळणाच्या अक्षरात. इंजिन ठणठणीत, म्हणाला, हे आपल्या सगळ्यांना पोचवून येईल. पण त्याच्या भोवतीचे सारे सुटत चालले होते. दोन काचा खाली उतरत नव्हत्या, दिवे मर्जीने लागत, आणि मुख्य म्हणजे त्या नावाच्या मोटारी निघणेच बंद झाले होते. ऑल्ड्समोबिल २००४ साली, पॉन्टियाक २०१० साली, मर्क्युरी २०११ साली अशी तिकडची मोठमोठी घराणी बुडाली, त्यांतलेच हेही एक. मोटार टिकली, माहेर उरले नाही. होटनला रात्री एखादा भाग लागला, तर तो आणायचा कुठून?

जपानी मोटारीची कहाणी वेगळी. चौदा वर्षांत तिने एकदाही तक्रार केली नव्हती, म्हणून तिच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. गिअरपेटीतले तेल काळे डांबर झाले होते. मिस्त्रीने ब्रेकच्या नळ्यांवर नख ओढले, तर गंजाचे पापुद्रे हातात आले. जावईबुवा गोरेमोरे झाले. एवढ्या भरवशाच्या म्हशीला टोणगाच व्हायचा होता, आणि तो त्यांच्या लेकीच्या वाटेवर. नळ्या बदला, तेल बदला, बूड साफ करून घ्या. मग हीच न्या, असे मिस्त्री म्हणाला.

नळ्या त्यानेच बदलल्या. बाकीचे काम काका कोणाला करू देईना. दोन दिवस ती जपानी मोटार काकाच्या दारात जॅकवर उभी होती आणि सत्त्याहत्तर वर्षांचा माझा भाऊ तिच्याखाली पाठीवर पडलेला होता. समोरचा शेजारी मोटार कारखान्यातून निवृत्त झालेला गोरा गृहस्थ. तो रस्ता ओलांडून आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मी जरा कावराबावरा झालो. काकाने खालूनच सांगितले, “नातीची आहे.” शेजारी काही न बोलता परत गेला आणि गंज काढायचा आपला तारेचा ब्रश घेऊन आला.

निघताना काकाने नातीला एक कोरी वही दिली. पहिल्या ओळीवर तारीख, मैल आणि ‘ऑइल बदलले’ एवढेच. आम्ही ऑक्टोबरात परतलो. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत नात घरी आली, तेव्हा ती आधी काकाकडे डिअरबॉर्नला थांबली. ऑइलची वेळ झाली होती. जावईबुवा मला फोनवर म्हणाले, “बाबा, काकांनी आमची गाडीही घेतली आणि मुलगीही.”

मी विचारले, “पोहे खायला येतात ना?”

“येतात. आता टायरवरून चाललंय.”