चांदी-तांब्याचा हिशेब

जानेवारीतल्या एका शनिवारी, पुण्याहून आलेल्या भाच्याला घेऊन मी दिल्लीहून सिमल्याला निघाले. त्याला बर्फ पाहायचा होता आणि त्याहून जास्त, बर्फावर घसरायचं होतं. सिमल्याचं उघड्यावरचं स्केटिंग रिंक १९२० सालचं. तिथे पाणी पसरून थंडीनंच त्याचा बर्फ होऊ देतात, म्हणून ऊन चढायच्या आत खेळून घ्यावं लागतं. ही माहिती त्यानंच मला पुरवली.

मुरथलला लोण्याचा गोळा घातलेले पराठे खाल्ले आणि पानिपतला मी गाडी आत वळवायला सांगितली. इतकी वर्षं दिल्लीत राहून, दर हिवाळ्यात याच रस्त्यानं डोंगराकडे जाऊन, मी काला अंबला कधी थांबले नव्हते. मराठी माणसाला पानिपत आधी वाक्प्रचार म्हणून भेटतं. क्रिकेटमध्ये पानिपत होतं, निवडणुकीत होतं. त्या शब्दाला जमीन आहे, हे विसरून राहणं सोयीचं असतं.

दाट धुकं होतं. विटांचा स्तंभ, वर लोखंडी सळई, भोवती कुंपण. ज्या काळ्या आंब्यावरून नाव पडलं, ते झाड केव्हाच गेलं. भाच्यानं टोपी कानांवर ओढली आणि विचारलं, "मावशी, त्यांच्याकडे स्वेटर होते का गं?"

लढाईची तारीख मला पाठ होती, १४ जानेवारी १७६१. या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. भाऊसाहेबांची फौज परतूरहून निघाली ती मार्च १७६० मध्ये, उन्हाळ्याच्या तोंडावर. सोबत बायका होत्या, यात्रेकरू होते. नोव्हेंबरपासून अडीच महिने तळ इथेच पडला, रसद तुटली. दख्खनच्या माणसांनी ही थंडी रिकाम्या पोटी काढली. माझ्या पोटात दोन पराठे होते.

मग त्याला ते पत्र सांगितलं. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना पराभव कळला तो सावकारी भाषेतल्या पत्रातून. दोन मोती गेले, सत्तावीस मोहोरा गेल्या, चांदी-तांब्याची तर मोजदादच नाही, असा त्याचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ.

"आणि चांदी-तांबं?"

एका लेखाचा अनुवाद करताना या पत्रावर मी तळटीप दिली होती. मोत्यांची नावं लिहिली, मोहोरा म्हणजे सरदार असं लिहिलं. चांदी-तांब्याला टीप दिली नव्हती. वाचकाला आपोआप कळेल असं वाटलं होतं. माझ्यासमोरच्या वाचकाला कळलं नव्हतं.

"बाकी सगळे," मी म्हणाले. "शिपाई, खिदमतगार, बायका, पोरं. आपल्यासारखे."

तो काही बोलला नाही. गाडीत बसल्यावर त्यानं हीटर लावायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रिंकवर मनसोक्त खेळला, तीनदा पडला. मी कठड्याशी चहा घेऊन उभी होते. बर्फावर पन्नासेक पोरं असतील. मी ती मोजू लागले. ती सारखी फिरत होती, हिशेब चुकत होता. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.