डेट्रॉइटची सेडान : भरवशाची कोणती, आरामाची कोणती?

परदेशवारी करून आलेले लोक धबधब्यांची, उंच इमारतींची वर्णने लिहितात. आम्ही उभयता २०२४ च्या जून महिन्यात अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराजवळ तीन आठवडे राहिलो, ते बहुतेक सगळे जुन्या मोटारी पाहण्यात गेले. त्याला कारणही तसेच होते. आमच्या मुलीला एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रात्रपाळीची नोकरी मिळाली होती. घरातली एकुलती एक गाडी जावईबापू दुपारी कामावर नेतात, ती मध्यरात्रीनंतर घरी येते. इस्पितळ ३५ किलोमीटरवर. घराजवळून रात्री तिकडे जाणारी बस नाही आणि रिक्षा तर नाहीच नाही. गाडी असेल तर नोकरी, नसेल तर नाही, असा सरळ हिशोब होता.

आमच्यापैकी एकाची हयात एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून गेली, दुसरीची अंगणवाडीत. मुलगी म्हणाली, "पप्पा, गाडीचा भरवसा तुम्ही बघा. आई, बसायला कशी आहे ते तू सांग." अशी कामाची वाटणी झाली.

मुलगी राहते ते कँटन गाव डेट्रॉइटच्या पश्चिमेला आहे. तिथून मिशिगन ॲव्हेन्यू हा रस्ता डिअरबॉर्नवरून थेट डेट्रॉइटला जातो. हा सगळा मुलूखच मोटारींवर उभा राहिलेला. हेन्री फोर्डने १९१३ साली जवळच्या हायलँड पार्कमध्ये मोटारी जोडण्याचा सरकता पट्टा सुरू केला. १९१४ साली त्याने आठ तासांचा दिवस आणि पाच डॉलर रोज जाहीर केला, तेव्हा कामासाठी गेटबाहेर हजारोंची झुंबड उडाली होती.

या मुलखात घरोघरी दिसायची ती सेडान. चार दारे, मागे वेगळी डिकी, पाच माणसांची सोय. अमेरिकन लोक जिला 'मध्यम' म्हणतात ती आपल्या मानाने मोठीच. आपली मारुती ८०० जेमतेम ३.३ मीटर लांब होती. शेव्हरोले कंपनीची २०१६ सालची मालिबू ही मध्यम सेडान ४.९ मीटर भरते. फोर्डची टॉरस तर १९९२ ते १९९६ अशी सलग पाच वर्षे अमेरिकेत सर्वाधिक खपलेली कार होती. पण पुढे लोकांची आवड बदलली. उंच, जीपसारख्या गाड्यांना मागणी आली, आणि त्यांत कंपन्यांना नफाही जास्त. टॉरस २०१९ साली बंद झाली, फोर्डचीच फ्यूजन २०२० साली. आम्ही परत आल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये मालिबूचेही उत्पादन थांबले. नव्या सेडान बंद झाल्या, पण रस्त्यावरच्या लाखो गाड्या कुठे जाणार? त्या हातोहाती फिरत कमी पगाराच्या घरांत येतात. म्हणून आम्ही ठरवले, की जाहिरात वाचायची नाही, वापरणाऱ्याला विचारायचे.

समोरच्या घरात एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ राहतात. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी आयुष्यात चार सेडान वापरल्या. तीन उत्तम चालल्या. चौथीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ऐन मुलाच्या लग्नाच्या महिन्यात गेला आणि साठवलेला पैसा गाडीतच गेला. कंपनीचे नाव आम्ही लिहीत नाही, एका गाडीवरून सगळ्यांना नावे ठेवणे बरे नव्हे. ते म्हणाले, "इंजिन बिघडायच्या आधी बोलते. गिअरबॉक्स पुष्कळदा मुकाट्याने जातो. त्याचे ऑइल वेळेवर बदलले की नाही, हे आधी विचारा."

दुसरे मत एका बाईंचे. त्या घरोघरी जाऊन आजारी माणसांची शुश्रूषा करतात, दिवसाला पाच-सहा घरे. त्यांच्या मते सेडान पेट्रोल कमी पिते आणि वळणावर झोल खात नाही. पण सीट खाली असल्यामुळे दिवसातून दहा-बारा वेळा उठबस करताना गुडघे बोलू लागतात. तिसरा भाड्याने गाडी चालवणारा एक तरुण. दिवसाचे दहा तास गाडीत. तो म्हणाला, "माझी गाडी दिसायला साधी आहे, पण मागच्या सीटवर पाय लांब करून बसता येते आणि सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. मला एवढेच पाहिजे." तिघांची मते तीन तऱ्हेची, पण एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ज्याने त्याने गाडीबद्दल सांगितले ते आपल्या कामाबद्दलच सांगितले.

इथला गाडीचा मोठा शत्रू म्हणजे मीठ. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. खुद्द डेट्रॉइट शहराच्या पोटात सुमारे साडेतीनशे मीटर खोल मिठाची खाण आहे! हे खारे पाणी गाडीच्या खालच्या पत्र्याला, ब्रेकच्या पाइपांना गंजवते. वर चकचकीत रंग आणि खाली चाळण, असा प्रकार होतो. शिवाय मिशिगन राज्यात गाडीची ठरावीक काळाने होणारी सक्तीची तपासणी नाही. म्हणजे घेणाऱ्यानेच डोळे उघडे ठेवायचे.

पहिली गाडी पाहिली ती मुलीला फार आवडली. किंमतही इतरांपेक्षा दोन हजार डॉलरने कमी. आम्ही बॅटरी घेऊन गाडीखाली आडवे झालो. खालून सगळीकडे ताजा काळा रंग! नखाने खरवडले तर पापुद्रा निघाला. "पोरी, ही नको," आम्ही म्हणालो. मुलीचे डोळे भरून आले. "पप्पा, एक तारखेला हजर व्हायचंय. किती गाड्या नाकारणार?" त्या रात्री घरात कुणी धड जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी मन रमावे म्हणून जावईबापूंनी आम्हाला डिअरबॉर्नचे हेन्री फोर्ड संग्रहालय दाखवले. तिथे एक जुनी बस आहे, १९४८ साली बांधलेली, नंबर २८५७. माँटगोमेरी शहरातल्या याच बसमध्ये १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. त्या शिवणकाम करणाऱ्या कामकरी बाई. पुढे १९५७ साली त्या डेट्रॉइटलाच राहायला आल्या. संग्रहालयाने ही बस २००१ साली विकत घेतली. आत जाऊन बसता येते. आम्ही बसलो. आपल्या वाचकांना त्या बसण्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

अटकेनंतर तिथल्या कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. लोक कामावर गेले कसे? कित्येक पायी गेले. बाकीच्यांसाठी सुमारे ३०० खाजगी गाड्या ठरलेल्या थांब्यांवरून माणसे ने-आण करत. त्या गाड्यांची गादी मऊ होती का, हे कुणी विचारले नसेल. सकाळी थांब्यावर गाडी येते की नाही, एवढेच महत्त्वाचे. बसमधून उतरताना मुलगी हळूच म्हणाली, "पप्पा, दुसरी गाडी बघू."

दुसरी गाडी २०१७ ची, ८८ हजार मैल चाललेली. मालकाने दुरुस्तीची सगळी बिले एका पाकिटात जपून ठेवली होती. आम्ही मुद्दाम सकाळी लवकर गेलो, कारण थंड इंजिन सुरू होतानाच खरे कळते. गाडीच्या सतरा अक्षरी नंबरावरून, कंपनीने परत बोलावून करायची एखादी दुरुस्ती राहिली आहे का, ते मुलीने पाहिले. मग ओळखीच्या नसलेल्या मेकॅनिककडे गाडी उचलून खालून तपासली. दीडशे डॉलर गेले, ते आम्हाला जड वाटले नाहीत. थोडा गंज होता, पण ब्रेकचे पाइप आणि सांगाडा शाबूत.

आता आरामाची परीक्षा. आदल्या आठवड्यात एका गाडीची गादी सोफ्यासारखी मऊ लागली होती, पण तासाभराने कंबर धरली. म्हणून या वेळी आम्ही ॲन आर्बरपर्यंत जाऊन यायचा हट्ट धरला. ही सीट सुरुवातीला कडक वाटली, पण परत येईपर्यंत पाठ कुरकुरली नाही. पाच मिनिटांत आवडते ती गादी, आणि तासाभराने टिकतो तो आराम. खड्ड्यांतून दणका बसला, मात्र खडखड ऐकू आली नाही. मागे बसून उतरताना गुडघ्यांनी तक्रार केली, त्या शुश्रूषा करणाऱ्या बाईंची आठवण झाली. पण ही गाडी आमच्या गुडघ्यांसाठी नव्हती.

एक तारखेला रात्री दहा वाजता मुलगी निघाली. आम्ही दारात उभे राहून लाल दिवे वळणावर दिसेनासे होईपर्यंत पाहिले. पावणेअकराला फोन आला, "पोहोचले."

जानेवारी २०२५ मध्ये तिकडे कडाक्याची थंडी पडली, पारा उणे पंधराच्याही खाली गेला. आम्ही इकडे काळजीत. पहाटे फोन आला, "पप्पा, एका झटक्यात सुरू झाली. आणि आई, सीट गरम होते बरं का!"

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आता पहिली जुनी गाडी किंवा टेम्पो येतो आहे. कंपनीचे नाव जरूर पाहा, पण त्याआधी गाडीखाली वाका, बिले मागा, आणि जो तीच गाडी रोज कामावर नेतो त्याला दोन प्रश्न विचारा. आमचा अनुभव असा, की तो खरे सांगतो.