पटाबाहेरची तीन घरं

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी मागणी करून राजाचं कोठार रिकामं करणाऱ्याची गोष्ट सगळ्यांनीच ऐकलेली असते. पटाला ६४ ऐवजी ६७ घरं असती, तर एकूण दाणे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ झाले असते. २ चा ६७ वा घात, उणे एक. 'लीलावती'तली स्थानांची नावं अठराव्या स्थानी, परार्धाशी संपतात. या संख्येत असे १,४७५ परार्ध मावून वर उरतात. पण मला तिच्या आकारापेक्षा तिच्या अवयवांचंच वेड आहे.

१६४४ मध्ये फ्रेंच धर्मगुरू मर्सेन यांनी ती मूळ संख्या आहे असं म्हटलं होतं. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी ती मूळ नाही हे सिद्ध केलं, पण एकही अवयव न दाखवता! भाग नक्की जातो, कशाने जातो ते मात्र ठाऊक नाही. गणितात असं ज्ञान शक्य असतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

मग ३१ ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल फळ्याशी गेले. एरिक टेंपल बेल यांनी पुढे सांगितलेली हकिकत अशी, की कोल यांनी आधी हा घात काढून त्यातून एक वजा केला, मग शेजारी १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार मांडला. उत्तरं जुळली. कोल एक अक्षर न बोलता जागेवर जाऊन बसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. या शोधाला तीन वर्षांचे रविवार लागले, असं त्यांनी बेल यांना सांगितलं म्हणे. सांगता सांगता हकिकत थोडी रंगली असेल; गुणाकार खरा आहे.

रविवार कशात गेले असतील, याचा अंदाज करता येतो. या संख्येच्या कुठल्याही मूळ अवयवाला १३४ ने भागलं, की बाकी एकच उरते. म्हणजे बाकीच्या असंख्य संख्यांकडे बघायलाच नको. तरी १९३७०७७२१ पर्यंत पोचेतो अशा १४,४५,५८० संख्या वाटेत येतात. आणखी चाळण्या लावल्या तरी उरलेलं काम माणसाला थकवणारंच. त्या रविवारांबद्दल मला फार आदर वाटतो.

आज संगणक हे अवयव क्षणात देतो. तरीही एकदा हा गुणाकार हाताने करावा. वहीचं एक पान पुरतं. १९३७०७७२१ मध्ये ७ तीनदा आणि १ दोनदा येतो, म्हणून खरं गुणायचं ते ९, ३, ७ आणि २ नेच. शून्याची ओळ सोडून द्यायची. आठ ओळी एकेक घर, शून्यापाशी मात्र दोन घरं, सरकवत नीट लिहायच्या आणि हातचे सांभाळत बेरीज करायची. उजवीकडून ७, २, ९ उतरू लागले, की पेन्सिल आपोआप भराभर चालते.