बाजवा ते लंडन

बडोदे सोडून अहमदाबादच्या दिशेने निघाले की पहिले स्टेशन लागते ते आमचे बाजवा. जलद गाड्या येथे थांबत नाहीत. खताचा कारखाना आणि पलीकडे कोयलीची रिफायनरी, एवढ्या दोन खुणांवर आमचे गाव ओळखले जाते. अशा गावातून उठून आम्ही उभयता २०२४ च्या मे महिन्यात एकवीस दिवस लंडनला जाऊन आलो. चिरंजीव, सूनबाई आणि पाच वर्षांची नात तेथे असतात. पाच वर्षे 'या, या' म्हणत होती. निवृत्तीला एकच वर्ष उरले असल्याने आम्ही 'नंतर पाहू' असे म्हणत होतो, पण सौ.ने या खेपेस आमचे ऐकले नाही. शाळेला उन्हाळी सुटी लागली, परदेशगमनाची परवानगी हाती आली, आणि गोडा मसाला, मेतकूट व नातीसाठी शिवलेले परकर-पोलके यांनी दोन बॅगा फुगल्या.

लंडनचे प्रवासवर्णन वाचकांनी पुष्कळ वाचले असेल. राजवाड्यापुढचे पहारेकरी, मोठे घड्याळ, नदीकाठचा अवाढव्य पाळणा हे सारे आम्हीही पाहिले, फोटो काढले, आणि ते चित्रातल्यासारखेच आहे एवढे सांगून पुढे जातो. टॉवरमध्ये कोहिनूरसमोर सरकता पट्टा आहे. त्यावर उभे राहून पाहावयाचे असल्याने पाहतो पाहतो तोच आपण पुढे गेलेलो असतो. सौ. म्हणाली, "एवढ्यासाठी एवढी लढाई!" आम्हांस यात भर घालण्यासारखे काही सुचले नाही.

भुयारी रेल्वेविषयी मात्र थोडे सांगितले पाहिजे. ही रेल्वे १८६३ साली सुरू झाली, जगातील पहिली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८६२ मध्ये, आमच्या गायकवाड सरकारने डभोई ते मियागाम हा अरुंद रुळांचा मार्ग सुरू केला होता. त्यावर डबे ओढीत ते बैल. हे आम्ही चिरंजिवांस गाडीतच मोठ्या अभिमानाने सांगत होतो. दुसऱ्याच दिवशी या अभिमानाचे परिमार्जन झाले. आम्ही दोघेच निघालो होतो. बाँड स्ट्रीटला गर्दीबरोबर आम्ही खाली उतरलो, मागे वळून पाहतो तो दारे मिटलेली, आणि काचेपलीकडे सौ.चा निर्विकार चेहरा बोगद्यात नाहीसा झालेला. वस्तुतः उतरावयाचे होते ते पुढच्या स्टेशनवर. चूक सर्वस्वी आमची. पस्तीस वर्षे सहलींत मुले मोजून नेणाऱ्या हेडमास्तरांचे पाय त्या क्षणी लटपटले. जी बाई बाजव्याहून सुरसागरला जातानाही सोबत पाहते, ती या पाताळात काय करील? पुढची गाडी दोन मिनिटांत आली. ती दोन मिनिटे फार मोठी होती. ग्रीन पार्कला उतरलो तो बाकावर सौ. पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. "चुकामूक झाली तर पुढच्या स्टेशनवर उतरून थांबायचं, असं सूनबाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही ऐकत नव्हतात, बैलांचं सांगत होतात," ती म्हणाली.

चिरंजिवांचे घर वेंबलीच्या बाजूस आहे. तेथील ईलिंग रोडवर गेलो आणि क्षणभर मांडवीत आल्याचा भास झाला. पापड, खाखरा, कैऱ्या, देवाच्या तसबिरी. भाजी निवडताना दुकानाच्या वृद्ध मालकांनी आमचे गुजराती ऐकले आणि विचारले, "तमे क्यांना?" आम्ही म्हटले, "बाजवाना." त्यांचा चेहरा उजळला. "एटले खातरना कारखानावाळुं बाजवा ने!" ते मूळचे चरोतरचे, १९७२ साली युगांडातून आशियाई लोकांना घालवून दिले, तेव्हा लहान वयात येथे आलेले. त्यांनी कोथिंबिरीची एक जुडी पैसे न घेता पिशवीत टाकली. पुण्याचे आप्त आमच्या मराठीत गुजराती शोधतात आणि हसतात. बाजव्यात आम्ही आजही 'दक्षिणी'. आमचे गाव कोणते हे न अडखळता ओळखणारा मनुष्य भेटला तो वेंबलीत, आणि तोही गुजरातीतून. येथे एक कबुली देऊन टाकतो. आम्ही मराठीचे एम.ए.; सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठातून. आणि उभा जन्म भूगोल शिकवला तो गुजरातीतून.

नातीला निसर्ग-इतिहासाचे संग्रहालय दाखवावयाचे होते. खरे म्हणजे तिनेच ते आम्हांस दाखविले. मुख्य दालनात छताला निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे. सुमारे २५ मीटर लांब, १८९१ साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर अडकलेला. २०१७ पासून त्यास या दालनात मानाची जागा दिली आहे. सूर मारल्यासारखा तो वरून झेपावत असतो. नात आमचा हात हलवून म्हणाली, "आबा, तुमच्याकडे असा व्हेल नाही ना?" आम्ही म्हटले, "आहे तर! कामाठीबागेत आहे." १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेला, सुमारे २२ मीटरांचा निळा देवमासा आमच्या बडोद्याच्या संग्रहालयात आहे हे ऐकून तिला ते खरे वाटेना. मग ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तच्या ममी पाहताना तिने स्वतःच विचारले, "हे पण आहे?" बडोद्यास ममीही आहे. एक आहे, पण आहे. त्या दिवसापासून आमचा भाव बराच वधारला. ते देवमासे पाहण्यासाठी बाजव्याहून मुले शेवटची केव्हा नेली होती, हे मात्र आम्हांस आठवेना.

किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरी आम्ही दोघेच गेलो. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येते. शांत रस्ता, एकाला एक लागून उभी उंच घरे. त्यांतल्या एकाच्या दर्शनी भिंतीवर निळी तबकडी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये येथे राहत. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली हे घर विकत घेऊन त्याचे स्मारक केले.

दर चौदा एप्रिलला शाळेत आम्ही हा इतिहास सांगतो. सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये लंडनला आले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतले आणि करारानुसार बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. येथवर सांगताना आमचा आवाज चढता असतो. पुढचे आम्ही दोन वाक्यांत उरकतो. कचेरीतील शिपाई कागद दुरून टाकीत. राहावयास जागा कोणी देईना. पारशी वसतिगृहात पारशी नाव सांगून राहावे लागले, आणि ते उघड होताच काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. तो मनुष्य कामाठीबागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने बडोदे सोडून गेला. ज्या बागेतील देवमाशाची बढाई आम्ही नातीपुढे मारली, तीच ही बाग.

लंडनच्या त्या घरात पुढे आलेल्या त्याच मनुष्यास खोली मिळाली. १९२३ साली त्याने येथल्या विद्यापीठाची डी.एस्सी. मिळविली. राज्यकर्त्यांच्या शहराचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. पण बडोद्याने शिष्यवृत्ती दिली आणि खोली दिली नाही, ही गोष्ट त्या जिन्यावर उभे राहिल्यावर दोन वाक्यांत उरकता येईना. नागपूरकडचा एक तरुण विद्यार्थी तेथे आला होता. त्याने आदराने विचारले, "काका, आपण कुठले?" आम्ही म्हटले, "बडोद्याचे." तो म्हणाला, "म्हणजे कामाठीबागेचे." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला ती जागा पाहावयाची होती. कसे जावे, स्टेशनवरून किती दूर, हे त्याने आमच्याकडून टिपून घेतले. परतताना सौ. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या वाड्यात तरी कुणी खोली दिली असती का?" तिच्या माहेरचा वाडा बडोद्यास रावपुऱ्यात होता. आम्ही उत्तर दिले नाही, कारण ते दोघांनाही ठाऊक होते.

डॉलिस हिल येथे १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे; ती बाहेरूनच पाहणे झाले. खेद वाटतो.

आता ग्रीनिच. पस्तीस वर्षे फळ्यावर खडूने जी रेघ ओढली ती जमिनीवर पाहावयाची, ही आमची एकच हट्टाची मागणी होती. वेस्टमिन्स्टरहून नावेने गेलो. नातीने प्रथम आमचे उच्चारण सुधारले: "आबा, ग्रीनिच नाही, ग्रेनिच." टेकडी चढून वेधशाळेच्या अंगणात आलो. धातूची एक पट्टी, शून्य अंश. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेने ही रेघ जगाची म्हणून ठरविली. एक पाय पूर्व गोलार्धात, एक पश्चिम गोलार्धात ठेवून नात उभी राहिली आणि तिने आम्हांसही तसे उभे केले. आम्ही तिला हिशेब सांगितला: पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात, बाजवा येथून सुमारे ७३ अंश पूर्वेला, म्हणून आपल्याकडे सूर्य चार तास बावन्न मिनिटे आधी येतो आणि तितकाच आधी जातो. घड्याळात साडेपाच तास का, तर आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंशांवरचे. आणि उन्हाळ्यात साडेचारच का, तर येथली माणसे उन्हाळ्यात काटे तासभर पुढे करतात. तिला किती समजले कोण जाणे. "म्हणजे तुमचा सूर्य आधी झोपतो," ती म्हणाली. मास्तरांनी पूर्ण गुण दिले.

त्याच टेकडीवर, बाकावर बसून खाली नदी पाहत असता, चिरंजीव म्हणाले, "बाबा, एक सांगायचं होतं. आम्ही इथलं नागरिकत्व घ्यायचं ठरवलंय." त्यांनी हे तीन आठवडे मनात धरले असावे, आमच्या निघण्यास दोनच दिवस उरले होते. भारतीय नागरिकत्व एकाच वेळी ठेवता येत नाही, हे नागरिकशास्त्रही आम्हीच शिकवतो. आम्ही "बरं" एवढेच म्हटले. मग नावेची वेळ विचारली.

निवृत्तीच्या पैशांतून बाजव्याच्या घरावर माडी चढवावयाची, त्यात चिरंजिवांच्या दोन खोल्या, असा आमचा नकाशा तयार होता. तो बॅगेतून लंडनला नेलाही होता, दाखवावयास. रात्री सौ.ला म्हटले, "नकाशा दाखवायचं राहून गेलं ते बरंच झालं." ती परकर-पोलक्याच्या घड्या घालीत होती. म्हणाली, "तुमचे खापरपणजोबा साताऱ्याहून बडोद्याला आले, चाकरी सरली तरी परत गेले नाहीत. त्यांच्या आईला कुणी विचारलं होतं का?" काही वेळाने म्हणाली, "माडी बांधायची. पाहुणे तर येतील." 'पाहुणे' हा शब्द तिने अगदी सहज उच्चारला, आणि मग दिवा मालवून पलीकडे तोंड करून निजली. ती झोपली नव्हती हे आम्हांस कळत होते.

या एकवीस दिवसांत तिला एकच अडचण वारंवार पडली होती. दिवेलागण केव्हा करावी? तेथे मे महिन्यात नऊ वाजेपर्यंत उजेड. नातीची झोपेची वेळ साडेसातची. अंधाराची वाट पाहावी तर नात झोपलेली, आणि उन्हात दिवा लावणे तिच्या मनास पटेना. ग्रीनिचचा हिशेब ऐकून तिने तोड काढली. शेवटच्या दिवशी, दुपारी अडीच वाजता, लख्ख उजेडात तिने देवाजवळ निरांजन लावले. बाजव्यात त्या वेळी सात वाजले होते. परकर-पोलके घातलेल्या नातीने शुभंकरोती म्हटली. 'ळ' ठीक आला, 'ण'ला थोडी अडखळली. सूनबाईंनी दारात उभे राहून हात जोडले.

तेव्हापासून दर शनिवारी आमच्या सातला नातीचा फोन येतो. इकडे सौ. दिवा लावते, तिकडे ती. "आबा, इकडे ऊन आहे," हे ती न चुकता सांगते. ऑक्टोबर सरताना लंडनची घड्याळे तासभर मागे गेली. आम्ही आधीच्या शनिवारी दोनदा बजावले होते, की आता अडीच नव्हे, दीड. तरी सात वाजून गेले आणि फोन आला नाही. साडेसात झाले. आम्ही म्हटले, "अगं, पान वाढ." सौ.ने ऐकले नाही; निरांजनात दोनदा तूप घातले आणि पाटावर बसून राहिली. आठाला घंटी वाजली.