399 चं सामान

आजी गेली तेव्हा तिच्या पत्र्याच्या पेटीची किल्लीही गेली. एरवी ती तिच्या कमरेला असायची. दवाखान्यातून आजीला घरी आणलं तेव्हा नव्हती. पेटीला अलिगढचं जुनं पितळी कुलूप. आबा म्हणाले, वेल्डिंगवाल्या पोराला बोलावू, ग्राइंडर फिरवला की दोन मिनिटांचं काम. आत्या आडवी आली. "आईचं कुलूप तोडायचं नाही." त्यावर पुढे काही बोलायची कुणाची छाती नव्हती. पेटी खाटेखाली गेली आणि दोन वर्षं तिथेच राहिली.

त्याच सुमाराला मी पुण्यातून ब्राह्मणपुरीला परत आलो होतो. स्पर्धा परीक्षेचे चार प्रयत्न, शेवटचा तीन मार्कांनी हुकलेला. दिवसा पपईच्या शेतात आबांच्या मागे आणि रात्री फोन. फोनवर कुलपं किल्लीशिवाय उघडणारी माणसं भेटली. हा छंद आहे, जगभर त्याची मंडळं आहेत, स्पर्धा होतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्यांचा नियम साधा: कुलूप स्वतःचं हवं, नाहीतर मालकाची परवानगी हवी. मला लगेच खाटेखालची पेटी आठवली.

अवजारं शोधायला घेतली. पंधरा नगांचा संच, वर सरावासाठी एक पारदर्शक कुलूप, 399 रुपये. दुसरीकडे मोजक्या नगांचा संच, 2800. मी 399 वाला घेतला. शिकायला कशाला महागडं, असं मनाला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ज्याचं चार वेळा काही जमलं नाही त्याने स्वतःवर 2800 रुपये घालवायचे, हे मलाच पटत नव्हतं.

पार्सल आबांच्या हातात पडलं. "हाई काय शे?" रेक्झिनचं पाकीट उघडून त्यांनी एकेक आकडा उजेडात धरला आणि निकाल दिला, "हाई चोरनं सामान शे."

त्यांचं अगदीच चुकलं नव्हतं. महाराष्ट्र पोलीस कायदा, 1951 च्या कलम 122 प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीची अवजारं समाधानकारक कारणाशिवाय जवळ सापडली तर तो गुन्हा आहे. ते वाचल्यावर पाकीट मी घराबाहेर नेलंच नाही.

पारदर्शक कुलूप दहा मिनिटांत उघडलं. आनंदाने मी अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मग कपाटाचं खरं कुलूप घेतलं आणि आठवडा गेला.

आत काय होतं ते सांगतो. या कुलपात स्प्रिंगवर बसलेल्या पाच-सहा पिनांची रांग असते. टेन्शन रेंच नावाच्या पट्टीने कुलपाला किल्लीसारखा हलका पीळ द्यायचा. त्या पिळाने एखादीच पिन अडकते. हुकाने ती शोधायची आणि नेमकी उंची येईपर्यंत उचलायची. आली की बोटाला बारीकशी टिच् जाणवते. ती टिच् म्हणजेच सगळी विद्या. तिच्यासाठी हूक साधारण अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचा, कडक पोलादाचा आणि घासून गुळगुळीत केलेला हवा. माझा हूक मऊ होता, पिन उचलायच्या आधी स्वतःच वाकायचा. कडा खरखरीत, त्या आत घासायच्या आणि प्रत्येक घासणं मला टिच् वाटायचं. पारदर्शक कुलपात सगळंच इतकं ढिलं असतं की ते कशानेही उघडतं. म्हणजे आधी खोटी शाबासकी आणि मग खोटं अपयश.

पैसे गेल्याचं दुःख नव्हतं. हात चुकतोय की हूक, हे कळायला मार्गच नव्हता, त्याचं होतं. आठ रात्री मी हातालाच दोष दिला. तो दोष घ्यायची मला सवयच होती.

शेवटी पुण्यातल्या एका मित्राच्या ओळखीने दोनच वस्तू मागवल्या, एक हूक आणि एक रेंच, 700 रुपयांना. आबांनी हिशेब केला: पंधरा नग 399 ला आणि दोन नग 700 ला? मी म्हणालो, "आबा, तुम्ही तैवान 786 ची रोपं खात्रीच्या नर्सरीतूनच का घेता? रस्त्यावर निम्म्या भावात मिळतात की." आबा काही बोलले नाहीत, पण नंतर पाकिटाला चोरनं सामान म्हणणंही बंद केलं. कपाटाचं कुलूप तिसऱ्या रात्री उघडलं. तोच हात, तेच कुलूप.

मग पेटी ओढली. आणि काहीच नाही. टिच् नाही, पिन नाही, नुसत्या पत्र्यांच्या कडा. पुन्हा फोन उघडला तेव्हा कळलं, हे लिव्हरचं कुलूप. आत पिना नसून एकावर एक पट्ट्या असतात. आपल्याकडे जुन्या पेट्यांना, गोदामांना, दुकानांच्या शटरला बहुतेक हीच कुलपं. 399 चा काय आणि 2800 चा काय, दोन्ही संच दुसऱ्याच कुलपासाठी बनलेले. भाव करताना मी सगळं पाहिलं होतं, फक्त खाटेखाली वाकून पाहिलं नव्हतं.

1851 मध्ये लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्स नावाच्या अमेरिकन माणसाने ब्रामाहचं अजिंक्य मानलेलं कुलूप उघडलं होतं. सोळा दिवसांत विभागून एक्कावन्न तास लागले, 200 गिनींचं बक्षीस मिळालं. त्याची उपकरणं त्या एका कुलपासाठी खास केलेली होती. हे मी वाचलं होतं. वाचून पुढे गेलो होतो.

शहाद्याहून एका चावीवाल्याला मोटारसायकलवर बसवून आणलं. शिकलगार शीख, वय साठीच्या पुढे. पूर्वज शस्त्रांना धार आणि पाणी देणारे, हे किल्ल्या करणारे. माझं पाकीट पाहून ते हसले. त्यांच्या डब्यात हॅकसॉच्या पानाचे तुकडे, छत्रीच्या काड्या, सायकलचे आरे, सगळं भंगारातलं. फक्त कापडात गुंडाळलेल्या दोन कानशी नव्या होत्या. "यात काटकसर नाही करत," म्हणाले. "कानस बोथट असली तर किल्ली जास्त घासली जाते. घासलेलं परत येत नाही."

कोरी किल्ली त्यांनी मेणबत्तीवर काळी केली, कुलपात घालून दाबली आणि बाहेर काढली. काजळीवर पट्ट्यांच्या बारीक खुणा उमटल्या होत्या. तिथे कानस. परत काजळी, परत कुलूप. मी शेजारी उकिडवा बसून पाहत होतो. मध्येच त्यांनी विचारलं, हे पाकीट घेऊन रात्री फिरतोस का? नाही म्हणालो. "तू फिरलास तर विचारतील, छंद आहे का? मी फिरलो तर विचारत नाहीत." आणि पुन्हा कानशीवर वाकले.

चाळीसेक मिनिटांनी त्यांनी किल्ली आत्याच्या हातात दिली. स्वतः फिरवली नाही. आत्याने फिरवली. कडी सुटली.

वरच एक जांभळी नऊवारी, तिच्याखाली आबांचा शाळेचा दाखला, आणि रुमालाच्या गाठीत कुलपाची दुसरी किल्ली. नव्या कुलपाबरोबर दोन मिळतात. आजीने एक पेटीतच ठेवली होती.

आत्याने ती कमरेला खोचली, झाकण लावलं आणि कुलूप पुन्हा घातलं. खाली अजून काय आहे ते आम्ही पाहिलंच नाही. आबांनी चावीवाल्यांना 200 रुपये दिले आणि ते कानस पुसत असताना विचारलं, "कितलाले लिनी?"